चाकांखालचं शहर (लेखांक ६) : हरवलेली गाडी, पाडलेला रस्ता

ऑक्टोबर १९३५. पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात बुगाटी कंपनीने 'एरोलिथ' नावाची एक गाडी मांडली. मागे निमुळती होत गेलेली, जमिनीलगत बसलेली, आणि पुढपासून शेपटीपर्यंत मधोमध रिव्हेटांची उभी शिवण असलेली. ही शिवण दिसायला शोभेची, पण ती आली अडचणीतून. गाडीचं अंग एलेक्ट्रॉन या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं. वजनाला अतिशय हलका, मात्र वेल्डिंगची ज्योत लावली तर पेट घेण्याची भीती. म्हणून पत्र्याच्या कडा बाहेर वळवून त्या रिव्हेटांनी जोडाव्या लागल्या. एत्तोरे बुगाटींचा मुलगा झाँ याने हीच शिवण पुढे 'टाइप ५७ अटलांटिक'वरही ठेवली. त्या गाड्यांचा पत्रा अॅल्युमिनियमचा होता आणि शिवणीची गरज उरली नव्हती, तरीही.

एरोलिथ प्रदर्शनानंतर नाहीशी झाली. उरले ते मोजके फोटो. अनेक दशकांनी कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या एका कार्यशाळेने मुख्यतः त्या फोटोंच्या आधारावर ती गाडी पुन्हा घडवली, तीसुद्धा मॅग्नेशियमच्या पत्र्यातच. अशा कामात फोटो मोजपट्टी होतो. चाकाचा व्यास आणि पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर पक्कं ठाऊक असलं, की दाराची उंची, काचेचा कल, छताची गोलाई हे सगळं त्या प्रमाणात काढता येतं.

गेल्या आठवड्यात आपण चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक जुळणं म्हणजे काय ते पाहिलं. धातूवर कोरलेला आकडा घासून पुन्हा कोरता येतो, बिलं आणि पत्रं नव्याने तयार करता येतात. २०२२ साली मर्सिडीजच्या दोनच बनलेल्या ३०० एसएलआर कूपेंपैकी एक १३.५ कोटी युरोंना विकली गेली. इतका पैसा जिथे आहे तिथे खोटेपणाचा मोह असणारच. अनोळखी माणसाने रस्त्यावर सहज काढलेल्या फोटोला मात्र पुढे कधी ही गाडी विकायची आहे, हे माहीत नसतं. म्हणून मला तो पुरावा सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो दोन्ही बाजूंनी बोलतो: रस्ता गाडीची ओळख सांगतो आणि गाडी रस्त्याचं साल सांगते.

हे पॅरिसमध्ये जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल. १८५३पासून प्रीफेक्ट ओस्मानने जुनं पॅरिस फोडून रुंद, सरळ हमरस्ते काढायला सुरुवात केली. १८६२च्या सुमारास शार्ल मार्व्हिल हा शहराचा अधिकृत छायाचित्रकार झाला. पाडल्या जाणाऱ्या गल्ल्या पाडण्याआधी टिपून ठेवणं हे त्याचं काम. अशा गल्ल्यांचे चारशेहून अधिक फोटो त्याने काढले. ओस्मानचं पद १८७०मध्ये गेलं, तरी पाडापाडी थांबली नाही. आज ऑपेरासमोरून निघणारा झगमगता हमरस्ता ज्या टेकडीवरच्या वस्तीतून कापून काढला, ती वस्ती ढिगाऱ्यात बदलताना मार्व्हिलनेच टिपली आहे.

हे फोटो पाहताना गल्ल्या ओस पडलेल्या वाटतात. त्या तशा नव्हत्या. तेव्हाच्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच प्रकाश द्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. प्रकाश काही सेकंद द्यावा लागे. तेवढ्या वेळात चालून गेलेला माणूस, निघून गेलेली घोडागाडी काचेवर उमटतच नसे किंवा नुसता धुरकट पट्टा उरे. स्थिर उभा राहील तोच टिकला. चिवट दगडी फरशी दिसते, वाहतूक दिसत नाही, आणि पाहणारा समजतो की शहर तेव्हा शांत होतं. जुन्या फोटोंबद्दलचा हा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो ठासून खोडायला हवा.

रंगांचाही असाच घोटाळा. त्या काचांना निळा प्रकाश जाणवे, तांबडा जवळजवळ नाहीच. नंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना हिरवा कळू लागला, पण लाल तेव्हाही काळाच येई. म्हणजे १९१० सालच्या फोटोत कुट्ट काळी दिसणारी गाडी प्रत्यक्षात लालभडक असू शकते, आणि फिकट राखाडी दिसणारी चक्क निळी. फ्रेंच शर्यतीच्या गाड्यांचा ठरलेला रंग निळाच होता. गाडीला मूळ रंग परत देऊ पाहणाऱ्याने आधी ती कोणत्या काचेवर टिपली हे शोधावं.

मार्व्हिलनंतर सुमारे वीस वर्षांनी युजेन आत्जे आला. अठरा बाय चोवीस सेंटिमीटरच्या जड काचा पाठीवर घेऊन तो पहाटे निघायचा आणि ओस्मानच्या हातून सुटलेलं पॅरिस टिपायचा: अंगणं, जिने, दुकानांच्या पाट्या, चिंध्या विकणारे. शहरात मोटारी झपाट्याने वाढत असताना १९१०च्या सुमारास त्याने वाहनांवर एक अल्बम केला. तो प्रामुख्याने घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचा. जे जाणार आहे ते आधी, असा त्याचा हिशेब. १९२०मध्ये त्याने अडीच हजारांहून अधिक काचा सरकारला विकल्या. एकट्या माणसाने एका शहरावर केलेले याहून मोठे उपकार मला ठाऊक नाहीत.

त्याच शहरात झाक-आंरी लार्तिग हा श्रीमंत घरातला पोरगा वेगामागे धावत होता. शर्यतीच्या गाडीचा त्याचा एक फोटो जगप्रसिद्ध आहे. मागचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलेलं, आणि कडेचे खांब व माणसं उलट दिशेला कललेली. यात हातचलाखी काहीच नाही. त्याच्या कॅमेऱ्याचा पडदा एका फटीसारखा काचेसमोरून सरके. काचेवर दृश्य उलटं पडतं, त्यामुळे जमिनीचा भाग आधी टिपला गेला, वरचा नंतर. मधल्या क्षणार्धात गाडी पुढे सरकली, म्हणून चाकाचा वरचा भाग पुढे गेला. लार्तिग गाडीबरोबर कॅमेराही वळवत होता, त्यामुळे जागच्या जागी उभे असलेले खांब चौकटीत मागे सरकत गेले आणि मागे कलले.

हा फोटो कित्येक वर्षं '१९१२च्या ग्राँ प्रीमधली दलाज गाडी' या मथळ्याखाली छापला गेला. अभ्यासकांनी गाडीवरचा ६ हा आकडा आणि तिची ठेवण नोंदींशी ताडली, तेव्हा ती १९१३ सालच्या आमियाँच्या शर्यतीतली श्नायडर गाडी असल्याचं पुढे आलं. १९१२च्या ग्राँ प्रीमध्ये दलाजने भागच घेतला नव्हता. खुद्द छायाचित्रकाराची आठवण चुकली, गाडी चुकली नाही.

आता पुन्हा सुरुवातीच्या बुगाटीकडे. अटलांटिक गाड्या चारच बनल्या, १९३६ ते १९३८ या काळात. ३२५७ घनसेंटिमीटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग. तीन आज आहेत. त्यांतली एक १९५५मध्ये रेल्वे फाटकावर आगगाडीखाली चिरडली आणि नंतर पुन्हा उभी केली गेली. चौथी, झाँच्या स्वतःच्या वापरातली काळी गाडी, दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झाली. झाँ तेव्हा हयात नव्हता. ऑगस्ट १९३९मध्ये मोल्सहाइमजवळ गाडीची चाचणी घेताना, समोर आलेल्या सायकलस्वाराला चुकवताना तो गेला. वय तीस. ती काळी गाडी सापडल्याचा दावा उद्या कुणी केला, तर क्रमांकाच्या पट्टीइतकेच तिचे युद्धापूर्वीचे फोटोही तपासावे लागतील.

आता या गोष्टीचा आपल्याकडचा धागा. आत्जे राहायचा त्याच गल्लीत मॅन रे हा छायाचित्रकार राहायला होता. १९२६मध्ये आत्जेचे फोटो अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकात छापून आले ते त्याच्यामुळे. याच मॅन रेने इंदूरचे यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगितादेवी यांचे सुंदर फोटो काढले आहेत. यशवंतरावांनी १९३५मध्ये अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग एसजेची सुपरचार्जर असलेली चासी मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन आसनांचं, होडीसारख्या शेपटीचं अंग चढवून घेतलं. ती गाडी पुढे भारताबाहेर गेली. चकाचक मंचावरचे तिचे फोटो हवे तितके मिळतात. इंदूरच्या धुळीतला, मागे दुकानं आणि माणसं असलेला फोटो मला दहापट अधिक हवा आहे.

असे फोटो संग्रहालयांपेक्षा घराघरांतच असण्याची शक्यता जास्त. मुंबईच्या फोटोत विजेची ट्राम असेल तर तो ७ मे १९०७ ते ३१ मार्च १९६४ यांच्या दरम्यानचा. काळा घोडा हा पुतळा मूळ जागी दिसत असेल तर १९६५च्या आधीचा. गाडीच्या पाटीवर 'एमएच'नंतर आरटीओ कार्यालयाचा आकडा असेल तर १९८९पूर्वीचा नाही. एवढ्या तीन खुणांवरही कितीतरी फोटो जागेवर बसतात.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती. आजोबांचा गाडीला टेकून काढलेला फोटो फ्रेममध्ये बसवताना कडा कापू नका. मागचं दुकान, खांब, नंबरची पाटी तशीच राहू द्या. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो बाहेर काढा, दोन्ही बाजू स्कॅन करा, आणि घरातल्या थोरल्या माणसाला आजच विचारून गाव, रस्ता आणि साल फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलने लिहून ठेवा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.