पेटीतली हवा

एआर-३ए या जुन्या अमेरिकी स्पीकरमधली मुख्य स्प्रिंग गंजत नाही, थकत नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. पेटीत कोंडलेली हवा हीच ती स्प्रिंग.

पूर्वी खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी घरात मांडावी लागे. वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या स्पीकरच्या, कागदी कोनला जागेवर परत आणायचं काम त्याची ताठ कड आणि मागची स्पायडर नावाची कापडी चकती करत. कोन जास्त पुढेमागे जाऊ लागला की त्यांचा ताण एकसारखा राहत नसे आणि आवाज फाटे. एडगर विल्चर यांनी हे काम हवेवर सोपवलं. कड मुद्दाम सैल केली, पेटी हवाबंद केली. हवा थोडीशीच दाबली तर जेवढी दाबली जवळजवळ त्याच प्रमाणात ती उलट ढकलते. स्प्रिंग म्हणून ती कापडापेक्षा कितीतरी इमानदार. पहिल्या नमुन्याची कड होती गादीच्या कापडाची, आणि तिचा आराखडा विल्चर यांच्या पत्नी रोझमेरी यांनी काढून दिला. १९५४ साली विल्चर आणि त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. एआर-३ए आला साठच्या दशकाच्या उत्तरार्धात.

त्याचा १२ इंची वूफर बाहेर काढला तर आपल्या लयीत सेकंदाला साधारण १८ वेळा डोलतो, पेटीत बसवला की ४२ वेळा. ताठपणा या आकड्याच्या वर्गानं वाढतो. हिशेब केला तर कोनला मागे खेचणाऱ्या जोरातला सुमारे ऐंशी टक्के वाटा नुसत्या हवेचा निघतो!

पेटीत काचेचे तंतू भरलेले असतात, त्यांचं कामही असंच अजब. दाबली की हवा तापते आणि तापली की जास्त ताठ होते. तंतू ती उष्णता शोषून घेतात, हवा मऊ राहते आणि पेटी आहे त्यापेक्षा मोठी असल्यासारखी वागते. दुरुस्तीसाठी ते काढताना मास्क आणि हातमोजे घालावेत, आणि काढले तेवढे सगळे परत भरावेत.

बिघडते ती कड. सुरुवातीच्या जोड्यांत ती कापडाची होती, नंतर फोमची आली. दमट हवेतली वाफ पॉलियुरेथेनच्या साखळ्या तोडत जाते. पंधरा-वीस वर्षांत फोम चिकट होतो, मग बोटाला लागताच भुगा. मुंबई-कोकणात हे लवकरच होणार. स्पीकर न वाजवता झाकून ठेवला तरी सुटका नाही.

नवी कड चिकटवण्याआधी जुना गोंद खरवडून काढावा लागतो, आणि खरी कसोटी त्यानंतर. कोनला जोडलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, मॅग्नेटच्या फटीत दोन्ही बाजूंना केसाएवढी जागा सोडून फिरते. कोन जरा तिरका बसला की कॉइल घासलीच. म्हणून कोनच्या मधली डस्ट कॅप ब्लेडनं अलगद कापून फटीत फिल्मच्या पट्ट्या उभ्या करतात, गोंद वाळेपर्यंत त्या हलवत नाहीत. पट्ट्या काढल्यावर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की कोन एका बाजूला सरकतो. जोडीतले दोन्ही वूफर एकाच बाजूला सरकले पाहिजेत, नाहीतर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि खर्ज नाहीसा होतो.

ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा स्पीकर, मुका असेल तर लगेच जळाला म्हणू नये. पेटीमागची, त्याचा आवाज कमीजास्त करायची चकती आतून गंजलेली असण्याची शक्यता जास्त. मला तर आधी तिचाच संशय येतो. कपॅसिटरही मोजून घ्यावेत.

शेवटी पेटी बंद करून कोन बोटांनी हळूच आत दाबावा आणि सोडावा. तो सावकाश बाहेर आला तर हवा आत कोंडलेली आहे. टपकन परत आला तर कुठेतरी गळती आहे: वूफरच्या चौकटीखालची पुटी आधी तपासा, मग डस्ट कॅपचा गोंद.