शिकलेले पुढे कसे जाते? आयर्लंडच्या स्थानिक भागीदाऱ्या

स्थानिक भागीदारी म्हणजे सरकारी खाती, मालक, कामगार संघटना आणि वस्तीतल्या संस्था यांचे एकत्र मंडळ. आयर्लंडमध्ये 1991 साली बेरोजगारी 15 टक्क्यांच्या आसपास असताना डब्लिनमधल्या टॅलासह 12 भागांत अशी मंडळे प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. लिमरिकमध्ये तर ‘पॉल’ ही भागीदारी 1989 पासूनच होती. या मंडळांची खरी चुणूक दिसते ती एका छोट्या नियमबदलात. आधी बेकाराने स्वतःचा धंदा काढला की बेकारी भत्ता बंद होई, त्यामुळे कोणी धजावत नसे. या भागांतल्या योजनेत धंदा सुरू केल्यावरही काही काळ भत्ता चालू राहिला. 1993 मध्ये देशभर आलेल्या ‘बॅक टू वर्क’ भत्त्यात हेच सूत्र होते: पहिल्या वर्षी 75, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25 टक्के भत्ता.

2000 पर्यंत बेरोजगारी 4 टक्क्यांवर आली ती मुख्यतः आर्थिक तेजीमुळे, हा आक्षेप रास्तच. पण तेजीत दीर्घकाळ बेकार असलेला माणूस सर्वांत शेवटी कामावर घेतला जातो, आणि भागीदाऱ्यांचा रोख त्याच्यावरच होता. या प्रयोगाची खरी उणीव वेगळी. अमेरिकी अभ्यासक चार्ल्स सेबल यांनी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेसाठी लिहिलेल्या 1996 च्या अहवालाने स्थानिक प्रयोगांचे कौतुक केले, मात्र त्यातले धडे इतरांपर्यंत आणि मंत्रालयापर्यंत नेणारी व्यवस्था तोकडी असल्याचेही दाखवले. निधी वाटणारी मध्यवर्ती संस्था 1992 पासून होती. पण निधीचा हिशेब तपासणे वेगळे आणि टॅलाचा अनुभव लिमरिकला उपयोगी पडेल असा मांडणे वेगळे.