घर्रर्र... थांब... घर्रर्र!

दोस्तांनो, शिरूरहून पुण्याकडे निघालात की नगर रस्त्यावर रांजणगाव लागतं. अष्टविनायकांपैकी महागणपतीचं गाव ते! दर्शन झालं की जवळच्या औद्योगिक वसाहतीकडेही एक नजर टाका. तिथं एलजी, हायर अशा कंपन्यांचे मोठे कारखाने आहेत. त्यात फ्रीज तयार होतात, तशी वॉशिंग मशिनंही. पण आज आपण बोलणार आहोत ते या नव्या चकचकीत मशिनांच्या आजीबद्दल. शेजारी शेजारी दोन टब, वर दोन झाकणं, मध्ये गोल बटणं आणि बाजूला हत्तीच्या सोंडेसारखी लोंबणारी पाण्याची नळी. ओळखलंत ना?

हे मशीन यायच्या आधी धुणं म्हणजे काय होतं, ते आजीलाच विचारा. शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. धुण्याचं बोचकं डोक्यावर घेऊन बायका नदीवर जात, नाहीतर घरामागे नळाजवळच्या दगडावर बसत. साबणाची वडी घासायची, धोपाटण्यानं बडवायचं, मग खळबळायचं आणि पिळायचं. चादर पिळायला तर दोघी लागायच्या. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं. ही दुसरी बहुतेक वेळा घरातली मोठी मुलगी असायची, आणि तिचा गृहपाठ तसाच राहायचा. (मुलगा का नसायचा? हाही प्रश्न आजीला विचारून बघा!)

१९८०चं दशक संपता संपता दूरदर्शनवर वॉशिंग मशीनच्या जाहिराती दिसू लागल्या. त्यातली व्हिडिओकॉनची जाहिरात त्या वेळच्या मुलांना तोंडपाठ होती. ही कंपनी आपल्या मराठवाड्यातली. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, चितेगावला तिचा कारखाना होता. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण ते गाणं मात्र तुमच्या बाबांना अजून आठवत असेल. म्हणायला सांगा!

आता या मशीनच्या पोटात डोकावू. ताक करताना दोरी ओढली की रवी एकदा इकडे फिरते, एकदा तिकडे. बरोबर? धुण्याच्या टबात तळाशी एक चकती असते, ती अगदी तेच करते. थोडा वेळ उजवीकडे, क्षणभर थांब, मग डावीकडे. म्हणून तर आवाज यायचा, घर्रर्र... थांब... घर्रर्र! एकाच दिशेनं फिरत राहिली तर कपड्यांची वेणी होईल. १९५३ साली जपानच्या सान्यो कंपनीनं अशा चकतीनं पाणी घुसळणारं मशीन बाजारात आणलं. आपल्याकडची दोन टबांची मशिनं त्याच गोतावळ्यातली. अमेरिकेत मात्र १९४७पासून दुसरी जात रुजली. त्यातही झाकण वरच, पण टब एकच आणि मधोमध उभा दांडा. तोच धुणार, तोच पिळणार. पंजाबात काही ढाबेवाल्यांनी अशाच चकतीच्या मशीनमध्ये लस्सी घुसळायला सुरुवात केली. रवीचं नातं त्यांनी अचूक ओळखलं म्हणायचं!

दुसरा टब पिळण्याचा. ओली छत्री दांड्याभोवती गरगर फिरवली की पाणी उडतं ना? तसंच. टबाच्या भोकांतून पाणी बाहेर फेकलं जातं. पण कपडे एका बाजूला जास्त झाले की धडाड्-धडाड् करत मशीन चक्क चालू लागायचं! मग आई धावत येऊन झाकण उघडायची, टब पूर्ण थांबला की कपडे सारखे करायची. टब फिरत असताना आत हात घालायचा नाही, हा नियम तेव्हाही होता आणि आजही आहे.

पण शिरूर-दौंडसारख्या गावांत लोकांना या मशीनचा एवढा लळा का लागला? माझ्या मते खरं कारण आहे पाणी आणि वीज. पूर्ण ऑटोमॅटिक मशीनला नळाला सतत दाब लागतो. इथं नळ यायचा ठरलेल्या वेळी, तोही घाईत. दोन टबांच्या मशीनची काही तक्रार नाही. बादलीनं पाणी ओता, चालेल! एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. उरलेल्या पाण्यानं मोरी घासायची. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं. अर्ध्या धुण्यात वीज गेली तर? झाकण उघडायचं, कपडे हातानं काढायचे आणि पुढचं काम हातानं उरकायचं. मशीन अडून बसत नसे. पट्टा तुटला, ब्रेकची तार निसटली, तर गावातला दुरुस्तीवाला पाठीमागचं झाकण उघडून तासाभरात ठीक करायचा.

सगळंच गोड होतं असं नाही हं! आजीचं नऊवारी एकटंच टाकावं लागे, नाहीतर बाकीच्या कपड्यांना मिठी मारून बसे. समोरून दार उघडणाऱ्या मशीनला पाणी कमी लागतं आणि कपडेही कमी झिजतात. शिवाय दोन टबांच्या मशीनपाशी कुणीतरी उभं राहावंच लागायचं. या टबातून त्या टबात ओले कपडे टाकायचं काम मुलांना भारी आवडायचं, एवढंच.

अशा मशिनांवर जीव टाकणारे जगभर आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या ईटन गावी ली मॅक्सवेल या प्राध्यापकांनी हजाराहून अधिक जुनी मशिनं गोळा करून संग्रहालयच उभारलं. आणि स्वीडनच्या हान्स रोसलिंग यांनी २०१०च्या एका भाषणात आपल्या घरी पहिलं मशीन आलं तो दिवस सांगितला होता. तेव्हा ते चार वर्षांचे होते. आजी खुर्ची टाकून मशीनसमोर बसली होती, जन्मभर तिनं हातानंच कपडे धुतले होते. आई म्हणाली, कपडे आत टाकलेत, चल आता वाचनालयात जाऊ.

आपल्याकडे निवृत्त झालेली मशिनं सहसा भंगारात लगेच जात नाहीत. मोटार काढून दुसऱ्या कामाला लागते. टब मात्र गच्चीवर जातो, आणि तळाच्या भोकांतून पाणी आपोआप निचरत असल्यामुळे त्यात कढीपत्ता झकास येतो.