सहा बेटांवरचे खोकड

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सान मिगेल, सान्ता रोझा, सान्ता क्रूझ, सान निकोलास, सान्ता कातालिना आणि सान क्लेमेन्ते ही सहा बेटे आहेत. स्पॅनिश अमदानीतील ही नावे आपल्याच संतांची व पवित्र क्रुसाची असल्याने आम्हां ख्रिस्ती वाचकांना ती परकी वाटू नयेत. या बेटांवर मांजराएवढे एक खोकड राहते. (कोल्हा निराळा, खोकड निराळे.) जगात अन्यत्र ते नाही. मुख्य भूमीवरील करड्या खोकडाचे वंशज हजारो वर्षे बेटांवर राहून आकाराने लहान झाले आणि प्रत्येक बेटावर त्यांची स्वतंत्र उपजात निर्माण झाली.

सान मिगेल बेटावर १९९४ साली सुमारे ४५० खोकडे होती. १९९९ पर्यंत केवळ १५ उरली. हे कसे घडले? समुद्रात मिसळलेल्या डीडीटीमुळे तेथील मासे खाणाऱ्या, पांढऱ्या डोक्याच्या गरुडांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन ते गरुड नाहीसे झाले. दुसऱ्या गरुडांना हुसकावून लावणारे कोणी उरले नाही. सान्ता क्रूझवर पशुपालकांनी आणलेली डुकरे रानटी होऊन माजली होती. त्यांच्या पिलांच्या लोभाने सोनेरी गरुड आले, स्थिरावले आणि आसपासच्या बेटांवरील खोकडेही टिपू लागले. आकाशातून येणारा शत्रू खोकडांना ठाऊकच नव्हता!

उरलेली खोकडे पिंजऱ्यांत ठेवून त्यांची पैदास करण्यात आली. सोनेरी गरुड जिवंत पकडून दूर नेण्यात आले, पांढऱ्या डोक्याचे गरुड परत आणण्यात आले. सान्ता क्रूझवरील पाच हजारांहून अधिक डुकरे मात्र मारण्यात आली. येथे आम्ही थबकतो. डुकरे निरपराध होती. त्यांना तेथे माणसानेच नेले होते. प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे कॅथॉलिक धर्मशिक्षण सांगते. दुसरीकडे, आपल्यामुळे सजीवांच्या जाती नष्ट व्हाव्यात याचा आपल्याला अधिकार नाही, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले आहे. आमच्या मते येथे कारण होते. तरीही त्या निर्णयाने मन हलके होत नाही.

२०१६ साली सान मिगेल, सान्ता रोझा व सान्ता क्रूझ येथील उपजाती संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आल्या. सान्ता कातालिनाची गोष्ट वेगळी. तेथे १९९९ साली कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाच्या साथीने बहुसंख्य खोकडे दगावली. आता तेथील खोकडांना पकडून लस टोचतात आणि पुन्हा रानात सोडून देतात.