मुलगी इंग्लंडला निघाली, सामानाचे काय?

१९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ वेगळ्या बोटीने येत होते. टॉर्पेडो लागून ती बोट बुडाली. भरपाई मिळाली ६०० रुपये. ग्रंथ गेले ते गेलेच.

आज आपल्या वस्त्यांतल्या मुली नर्स होऊन त्याच इंग्लंडला निघतात. बोट सहसा बुडत नाही, पण कागदांवाचून सामान बंदरात अडकते.

तिकडे राहायला जाणाऱ्याचे वापरते घरसामान जकातीविना सुटते. मात्र वस्तू किमान ६ महिने स्वतःच्या मालकीची व वापरातली हवी आणि माणूस त्याआधी सलग १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेला हवा. त्यासाठी 'टी.ओ.आर. १' हा अर्ज सामान पाठवण्याआधी करावा. मंजुरीचा क्रमांक बोटीच्या एजंटला द्यावा. आई हौसेने नवा कुकर, नव्या साड्या भरते, त्याच नडतात. त्यांच्यावर कर बसतो, एकटा व्हॅटच २० टक्के. साजूक तूप आणि पेढे तर भरूच नका, दुधाच्या पदार्थांना तिकडे बंदी आहे.

बुद्धमूर्तीचे वेगळे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने १०० वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही. आपली मूर्ती दुकानातली असली तरी जुनाट दिसली की अधिकारी विचारणारच. पावती जपा, नसेल तर पुरातत्त्व खात्याचा दाखला घ्या.

यादीत 'घरसामान' असे मोघम लिहू नका. खोका १ : पातेली ४, चादरी ६, असे लिहा. एक प्रत वडिलांजवळ ठेवा. आणि विमा उतरवा, पुस्तकांचासुद्धा.