एकट्यासाठी काय शिजवायचे? वीस मिनिटांत पोटभर जेवण

माझी पहिली नेमणूक लोणार तालुक्यातील एका खेड्यात झाली. खोलीवर एकटाच राहायचो. अम्मीने कधी चुलीजवळ जाऊ दिले नव्हते. मग रात्री चहा-टोस्ट. "एकट्यासाठी कोण एवढा पसारा करणार?" असे म्हणायचो. दोन महिन्यांत परिपाठाच्या वेळी भोवळ आली. डॉक्टरांनी तपासले आणि एवढेच विचारले, "सर, रात्री जेवला होता का?"

आज आपली कितीतरी मुले-मुली शिक्षणासाठी बुलढाणा, खामगाव, संभाजीनगर, पुण्याला खोली करून राहतात. मुले बाहेरगावी गेल्यामुळे घरी एकटे उरलेले बुजुर्गही आहेत. सगळ्यांची अडचण एकच: एकट्यासाठी शिजवायचा कंटाळा.

त्यावर हिशोब सोपा आहे. ताटात तीन गोष्टी हव्यात: एक धान्य, एक डाळ किंवा अंडे, आणि थोडी भाजी. तांदूळ-ज्वारीत जे प्रथिन-घटक कमी असतात, ते डाळीत मिळतात. डाळीत जे कमी, ते धान्यात. म्हणून दोन्ही सोबत खावे.

खिचडी : दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ डब्यात मिसळून ठेवा. रोज त्यातले अर्धी वाटी धुऊन घ्या. कुकरमध्ये कांदा, टोमॅटो, मूठभर पालक, हळद, मीठ आणि दोन वाट्या पाणी घालून तीन शिट्या करा. हे काही गरिबाचे किंवा आजाऱ्याचेच खाणे नाही. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूता यांनी मूग-तांदळाच्या खिचडीची नोंद आपल्या सफरनाम्यात केली आहे.

खागिना : तेलात कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो परता, दोन अंडी फोडून हलवा. दहा मिनिटांत होतो आणि दोन अंड्यांतून साधारण 12 ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत पोळी किंवा पाव.

बेसन-भाकर : तीन चमचे बेसन वाटीभर पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. लसूण-मिरचीच्या फोडणीत ओता आणि झाकण ठेवून पाच-सात मिनिटे शिजवा. भाकर थापता येत नसेल तर विकत आणा, त्यात कमीपणा नाही. सोबत कच्चा कांदा, काकडी किंवा मुळा घ्या, म्हणजे भाजीची कसर भरून निघते.

एक काळजी मात्र घ्या. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरतेच शिजवा. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या उन्हाळ्यात सकाळचा भात रात्री खाणे धोक्याचे आहे. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला, की त्यात काही जिवाणू विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रिज असेल तर उरलेले दोन तासांच्या आत आत ठेवा. बीपी असलेल्या बुजुर्गांनी लोणचे-पापडावर जेवण भागवू नये. त्यात मीठ फार असते.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलगी बाहेरगावी निघाली की आपण तिला दोन पदार्थ तरी शिकवून पाठवतो. मुलाला फक्त पैसे देतो. बारावीच्या सुटीत मुलालाही कुकर लावायला शिकवा. माझा मुलगा नववीत आहे. रविवारचा खागिना तोच करतो. मीठ कधी जास्त होते, पण पुढे खोलीवर तो उपाशी झोपणार नाही.