बुटक्या गिऱ्हाइकाची शर्यतीची सायकल : माप आधी, विक्री नंतर

सायकलचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना बावीस इंची आणि चोवीस इंची हे दोन आकडे पाठ असतात. गिऱ्हाईक बुटके असले की बावीस, उंच असले की चोवीस आणि सीट खालीवर केली की काम संपले, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. दूध घालणाऱ्याला किंवा कामावर जाणाऱ्याला एवढे पुरत असे. मात्र ट्रायथलॉनसाठी सायकल मागणाऱ्याला ते पुरणार नाही.

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार ओळीने, मध्ये विश्रांती न घेता करावयाचा हा खेळ आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकपासून त्याला ऑलिम्पिकमध्ये स्थान आहे. गोव्यात २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही शर्यत प्रथम झाली. तिच्यात १.९ किलोमीटर पोहून ९० किलोमीटर सायकल चालवावी लागते आणि लगेच २१.१ किलोमीटर धावावे लागते. अशा सायकलीची किंमत पुष्कळदा लाखाच्या वर जाते. एवढे पैसे मोजून नेलेली सायकल मापात बसली नाही, तर गिऱ्हाइकाची मान आणि कंबर धरते आणि दुकानदाराचे नाव जाते. हा धोका सर्वांत जास्त असतो तो पाच फूट ते सव्वापाच फूट उंचीच्या गिऱ्हाइकाला. त्यात महिलाही पुष्कळ असतात.

उंची आड येत नाही

बुटक्या माणसाने या खेळात पडू नये, असा समज कोणी करून घेऊ नये. ऑस्ट्रेलियाच्या मिरिंडा कारफ्रे यांची उंची सुमारे पाच फूट तीन इंच. त्यांनी २०१०, २०१३ आणि २०१४ अशी तीन वेळा हवाई बेटावरील आयर्नमॅन जागतिक स्पर्धा जिंकली. अडचण शरीराची नसून मधल्या उंचीचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून बनविलेल्या मालाची आहे.

फ्रेमवरचा आकडा फसवा

फ्रेमवर ४८ किंवा ‘स्मॉल’ लिहिलेले असले म्हणजे ती लहान असेलच असे नाही. पुढचे चाक मोठे असल्यामुळे कारखानदाराला ते पायडलच्या फार जवळ आणता येत नाही. मग तो सीटची नळी जास्त उभी करतो. त्यामुळे कागदावर वरची दांडी आखूड दिसते, पण हँडल जागच्या जागीच राहते.

म्हणून कंपनीच्या तक्त्यात दोन आकडे पाहावेत. क्रँकच्या मध्यापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर म्हणजे रीच. ४८ आणि ५१ या दोन्ही मापांचा रीच जवळजवळ सारखाच निघाला, तर ४८ ची फ्रेम नावापुरतीच लहान आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा दुकानातच करता येते. गिऱ्हाइकाला बूट घालून सीटवर बसवावे, एका बाजूचा क्रँक पुढे आडवा ठेवावा आणि हँडल हळूहळू वळवावे. बुटाचे टोक चाकाला घासत असेल, तर सावकाश वळताना पडण्याची भीती असते. हे विक्रीपूर्वीच दाखवून द्यावे.

सव्वीस इंची म्हणजे नेमके कोणते?

यावर तोड म्हणून लहान चाके निघाली. अमेरिकेच्या क्विंटाना रू कंपनीने १९८९ साली खास ट्रायथलॉनसाठी जी सायकल काढली, तिला ६५०सी मापाची चाके होती. लहान चाकामुळे पुढची बाजू खाली आणता येते आणि बूट घासत नाही.

परंतु येथे मिस्त्री मंडळींनी सावध राहावे. ‘सव्वीस इंची’ या एकाच नावाखाली अनेक मापे चालतात. टायर रिमवर जेथे बसतो तेथील व्यास माउंटन सायकलचा ५५९ मिलिमीटर, ६५०सी चा ५७१, ६५०बी चा ५८४ आणि आपल्याकडील जुन्या २६ × १ ३/८ चा ५९० असतो. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. नेहमीच्या ७००सी चाकाचे माप ६२२ आहे. टायरच्या कडेवर छापलेला हा तीन अंकी आकडा वाचूनच माल मागवावा. ६५०सी चे टायर-ट्यूब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. म्हणून अशी सायकल विकताना सोबत दोन टायर आणि चार ट्यूब द्याव्यात.

लहान चाकामुळे एका फेऱ्यात कापले जाणारे अंतरही सुमारे ८ टक्क्यांनी घटते. ७००सी चाकावर ५० दात्यांचे चेनव्हील असेल, तर तोच वेग ठेवण्यासाठी ६५०सी वर सुमारे ५४ दात्यांचे लागते.

क्रँक आखूड हवा

बहुतेक सायकलींना १७० किंवा १७२.५ मिलिमीटरचा क्रँक येतो. आखूड पायाच्या माणसाने तो लावून पुढे वाकून बसले, की पायडल वर येताना गुडघा पोटाकडे येतो आणि कमरेत चाप बसतो. १६५, १६० किंवा त्याहून आखूड क्रँक मागवून बसवावा. १७२.५ च्या जागी १६० चा लावून सीट तेवढीच, म्हणजे १२.५ मिलिमीटर, वर केली, तर वरच्या टोकाला कमरेच्या मानाने गुडघा २५ मिलिमीटर खाली राहतो. आखूड क्रँकने जोर कमी पडतो ही भीती धरू नये. पाच फूट नऊ इंचाच्या आसपास उंची असलेला तादेय पोगाचार २०२४ साली १६५ च्या क्रँकवर टूर द फ्रान्स जिंकला.

बाकीचे सामान

हँडल खांद्यांच्या रुंदीइतके घ्यावे. लहान चणीला ३६ किंवा ३८ सेंटिमीटर पुरते. बोटे आखूड असतील तर ब्रेकच्या मुठीतील स्क्रूने लिव्हर जवळ आणावा. कोपर टेकण्याचे पॅड जवळ घेता येतील आणि पुढच्या दांड्या मागे सरकतील असेच हँडल निवडावे. लहान फ्रेमच्या त्रिकोणात मोठी बाटली मावत नाही, ती पुढच्या दोन दांड्यांच्या मध्ये बसवावी. हेल्मेट डोक्याचा घेर मोजून द्यावे. पोहण्याचा रबरी पोशाख थंड पाण्यासाठी असतो. गोव्याच्या कोमट समुद्रासाठी तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये.

माप कसे घ्यावे?

गिऱ्हाइकाला अनवाणी भिंतीला टेकून उभे करावे. जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखे वर घट्ट धरायला सांगावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावावा. या मापाला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या मध्यापासून सीटपर्यंतची उंची मिळते. पायाचे माप ७० सेंटिमीटर असेल तर सीट ६१.८ सेंटिमीटरवर येते. ही केवळ सुरुवात समजावी. क्रँक आखूड केला तर तेवढी सीट वर घ्यावी आणि चालवून पाहून फरक करावा. महिला गिऱ्हाईक असेल तर माप घरच्या माणसाकडून किंवा दुकानातील महिलेकडून घ्यावे.

ही सर्व मापे वहीत गिऱ्हाइकाच्या नावाने लिहून ठेवावीत. क्रँक बदलणे, दांड्या कापणे, सीट लावणे या कारागिरीची मजुरी वेगळी आणि स्पष्ट सांगून घ्यावी. हे काम पेटीबंद माल पाठविणाऱ्याला जमत नाही, ते हातात पाना धरणाऱ्यालाच जमते. आणि गिऱ्हाइकाच्या मापाची फ्रेम दुकानात नसेल, तर मोठी फ्रेम सीट खाली करून खपवू नये. ‘मागवून देतो, पंधरा दिवस थांबा’ असे सांगावे. थांबलेले गिऱ्हाईक परत येते, फसलेले येत नाही.